परांचीवरची जाऊ

पोस्टात आलेला माणूस वर बघत नाही. तो पुढच्याची पाठ बघतो, घड्याळ बघतो आणि काचेमागचा कारकून जागेवर आहे का ते बघतो. आमच्या मोठ्या पोस्टाच्या दालनाचं छत जुन्या काळी कुणीतरी जीव ओतून रंगवलं होतं. कडेनं पानाफुलांच्या माळा, कोपऱ्यांत फळांच्या परड्या, मधोमध आभाळ आणि त्यात उडणारे पक्षी. त्यावर धूर बसला, धुरावर वार्निश चढलं, वार्निश पिवळं पडलं, आणि कुणा शहाण्यानं ते पिवळं झाकायला आणखी एक वार्निश फासलं. खाली माणसं जिभेनं तिकिटं ओली करत राहिली. शेवटी माळेतला एक पोपडा पोस्टमास्तरांच्या चहात पडला, तेव्हा वरच्या लोकांना कळलं की या इमारतीला छत आहे.

मग आम्हाला बोलावणं आलं. आम्ही म्हणजे मी आणि माझी थोरली जाऊ.

तिला जाऊ म्हणायचा मला हक्क उरलाय का, हा वेगळा मुद्दा. नवरा मला मारायचा. बरीच वर्षं मारायचा आणि घरातले सगळे भिंतीपलीकडून ऐकायचे. एका दुपारी त्यानं माझं बोट मुरगाळून मोडलं, तेव्हा दुसऱ्या हातात होतं ते पातेलं मी त्याच्या तोंडावर हाणलं. त्याचा पुढचा दात पडला. त्या दातासाठी घरानं जेवढा शोक केला तेवढा सासरे गेले तेव्हाही केला नव्हता. मोठे भाऊजी, म्हणजे थोरलीचे यजमान, उभे राहिले आणि म्हणाले, "या बाईशी आजपासून आपला कुणाचा संबंध नाही." ते म्हणाले आणि संबंध संपला. नळ बंद करावा तसा. मी बॅग उचलली आणि निघाले. त्या घराचं मला काडीचं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते एवढंच, की थोरली त्या घरात राहिली.

छतं साफ करायचं काम मी तिच्याकडून शिकले. ती तिच्या वडिलांकडून शिकली. लग्न होऊन आले तेव्हा मी तिला अहो-जाहो करायचे. पहिल्यांदा परांचीवर घेऊन गेली तेव्हा म्हणाली, "इथं तू म्हण. मी पडायला लागले तर 'अहो ताई, तुम्ही पडताय' एवढं तू म्हणेपर्यंत मी खाली पोचलेली असेन." तेव्हापासून वर तू, खाली तुम्ही.

संबंध संपल्यावर खालचं तुम्हीसुद्धा गेलं. रस्त्यात मी दिसले की ती पलीकडच्या फुटपाथवर जायची. ठसक्यात जायची असं नाही. घाईघाईनं, चप्पल अडखळवत. ठसक्यात गेली असती तर मला निदान राग तरी धरता आला असता.

पोस्टाच्या कामावर आम्हाला वेगवेगळं घेतलं होतं. मीही तिथं आहे हे तिच्या घरी कुणाला माहीत नव्हतं, आणि तिनं कळू दिलं नाही. पहिल्या दिवशी मी शिडी चढून वर गेले तर ती आधीच फळ्यांवर उताणी पडून छत न्याहाळत होती. माझ्याकडे मान वळवली नाही. म्हणाली, "ती उशी घे. मानेखाली नीट घे, तुझी सवय मोडली असेल." इतक्या वर्षांनी माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य, आणि ते उशीबद्दल. मी उशी घेतली, तिच्या शेजारी आडवी झाले आणि पाच-दहा मिनिटं नुसतं छताकडे बघत राहिले. कारण डोळ्यांत पाणी आलं की ते उताण्या माणसाच्या कानात जातं आणि पुसायला गेलं की शेजारच्याला कळतं.

माझ्या खोलीत माझ्याशी फक्त फ्रीज बोलतो. तोही मध्येच गप्प होतो. रविवारी संध्याकाळी आवाज शाबूत आहे का हे बघायला मी भांड्यांना दोन शिव्या द्यायचे. सोमवारी परांचीवर पोचले की मात्र दिवसभर बोलणं. दालनावर फळ्यांचा एक अखंड मजला बांधला होता. खाली शिक्क्यांची ठकठक, पार्सलवाल्यांची भांडणं, वर आम्ही दोघी. थोरली लेकीबद्दल बोलायची, जी दूर देशात जाऊन बसली होती. गुडघ्याबद्दल बोलायची. भाऊजी झोपेत घोरतात की भाषण देतात हे तिला इतक्या वर्षांत ठरवता आलं नव्हतं. मी बोलायचे तेव्हा ती "हं" म्हणायची. लोकांना वाटतं माणसाला प्रेम लागतं. मला ते "हं" पुरत होतं.

काम असं असतं. काडीला कापसाचा बोळा गुंडाळायचा, औषधात बुडवायचा, छतावर हलकेच फिरवायचा. औषध म्हणजे वार्निश सोडवणारं द्रावण. त्याचा वास डोक्यात जातो. बोळा घासायचा नाही, लोळवायचा. आणि बघत राहायचं ते छताकडे नाही, कापसाकडे. कापूस तपकिरी झाला म्हणजे वार्निश निघतंय, चालू द्या. कापसावर चित्राचा रंग उतरला की हात जागच्या जागी थांबला पाहिजे. एवढं जमलं की निम्मं काम आलं. उरलेलं निम्मं म्हणजे मान दुखणं. वापरलेले बोळे झाकणाच्या बरणीत टाकायचे आणि संध्याकाळी मागच्या चौकातल्या लोखंडी डब्यात ओतायचे. ते काम धाकटीचं, म्हणजे माझं.

"दिवा बदल गं," थोरली म्हणायला लागली. "पिवळा पडलाय."

मी बदलला. दोन-तीन दिवसांनी पुन्हा तेच.

"ताई, दिवे काही आंबे नाहीत पिकायला."

"मग माझ्याच बाजूला रद्दी दिवे लावतेस तू."

मी आणखी एक बदलला. मग एका संध्याकाळी चौकात उजेड होता आणि मी बरणी उपडी केली. तपकिरी बोळ्यांच्या ढिगात काही निळसर बोळे दिसले. कपड्यांना नीळ जास्त व्हावी तसे. मी एक उचलून बघितला, मग दुसरा. बरणी तिथंच टाकून वर पळाले. थोरली घरी गेली होती. तिचा दिवा लावून मी आभाळाकडे बघितलं.

आभाळाचा रंग पातळ असतो. पांढऱ्या अस्तरावर निळ्याचा एक हात, बस. एका पक्ष्याच्या पंखाजवळ उशीच्या अभ्र्याएवढ्या जागेत निळा नव्हताच. नुसतं अस्तर. पक्षी उडता उडता पांढऱ्या भिंतीवर आपटल्यासारखा दिसत होता.

माझ्या आईला मोतीबिंदू झाला तेव्हा ती पांढऱ्या चादरी पिवळ्या पडल्या म्हणून मला पुन्हापुन्हा धुवायला लावायची. डोळ्यावर साय धरल्यासारखं पिवळं चढतं आणि इतकं हळू चढतं की माणसाला वाटतं जगच मळलं. थोरलीला छत पिवळं दिसत होतं, म्हणून ती पुसत होती. पुसूनही पिवळंच दिसत होतं, म्हणून आणखी पुसत होती. आणि कापसावर उतरलेला निळा तिला मळ दिसत होता.

हे तिला सांगणं एका वाक्याचं काम होतं. मोतीबिंदू काढणं आता सोपं झालंय, माणूस त्याच दिवशी घरी जातो. पण त्यासाठी ती परांचीवरून उतरणार, महिनाभर तिला औषधाच्या वासाजवळ कुणी येऊ देणार नाही, तोवर मधलं काम संपणार. आणि खाली उतरलेली थोरली माझी कुणी नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी बोलले नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. त्याऐवजी अक्कल लढवली. सकाळी लवकर जाऊन तिच्या वाटीतलं औषध पातळ केलं, म्हणजे रंगाला लागणार नाही. तर ती म्हणाली, "या औषधात दमच नाही," आणि हाताचा जोर वाढवला. पांढरा डाग आणखी पसरला. मग मी म्हटलं, "ताई, आपण जागा बदलू. तू कोपऱ्यातली फळं घे, मी आभाळ बघते." फळांचा रंग जाड होता, त्याला सहज काही झालं नसतं.

"फळं?" ती म्हणाली. "जन्मभर भाजी निवडली, आता वर येऊनही परडीच पुसू? आभाळ माझं. वडील म्हणायचे, मधलं काम थोरल्यानं करायचं."

"वडील तुझे ना. माझ्यावर कशाला त्यांचा हुकूम?"

"माझ्याकडून शिकलीस की नाही? मग झाले तुझेपण."

ती हसली, मी हसले, आणि बोळा पुन्हा आभाळावर फिरायला लागला. मला तो आवाज ऐकू येत होता. ओल्या कापसाला खरं तर आवाज नसतो.

आठवड्याच्या शेवटी टॉर्चसाहेब येणार होते. हे आमच्या कामावरचे प्रमुख. हातात कायम एक टॉर्च, आणि तो छतावर आडवा धरून ते रंगाचा प्रत्येक चढउतार बघायचे, म्हणून आम्ही ठेवलेलं नाव. त्यांच्या उजेडात तो डाग लपणार नव्हता. पण मी बोलले ते त्यांच्या भीतीनं नाही. त्या सकाळी थोरलीचा बोळा पक्ष्याच्या डोळ्याकडे निघाला होता.

"ताई, थांब."

"हं."

"हं नको. हात काढ छतावरून."

तिनं काढला. मी चहाची पांढरी बशी घेतली, बरणीतला एक तपकिरी आणि एक निळा बोळा शेजारी ठेवले आणि तिच्यापुढे धरली. "यातला निळा कुठला?"

तिनं बशी दिव्याजवळ नेली. मग नाकाजवळ. "निळा कशाला असेल? दोन्ही मळके आहेत." आणि मग तिनंच स्वतःचं वाक्य ऐकलं. "दोन्ही," ती पुन्हा म्हणाली, हळू.

ती उठून बसली, आणि तिचा आवाज बदलला.

"ही बशीतली जादू मला दाखवू नकोस. तुला आभाळ पाहिजे. घरातले म्हणायचे ते काही खोटं नव्हतं, तुला दिली तेवढी जागा पुरत नाही."

"घरातले," मी म्हटलं, "मला मार पडायला लागला की टीव्हीचा आवाज वाढवायचे. त्यांत तूही होतीस. त्यांचं मला सांगू नकोस."

हे मी तिला कधी म्हटलं नव्हतं. खाली शिक्के पडत होते. कुणीतरी पार्सलाच्या वजनावरून कारकुनाशी हुज्जत घालत होतं. थोरलीनं एक डोळा तळहातानं झाकला आणि बशीकडे बघितलं. मग तो उघडून दुसरा झाकला. मग वर, आभाळाकडे.

"तुला कधी कळलं?"

"आठवडा होईल."

"आणि आठवडाभर मी पुसत होते."

"हो."

"का गं?"

"तू उतरलीस की माझ्याशी बोलायला कुणी नाही."

तिनं बशी फळीवर ठेवली, बोळे बरणीत टाकले, झाकण लावलं. "मूर्ख आहेस," ती म्हणाली. "मी आज ना उद्या उतरणारच होते. आभाळ नव्हतं उतरणार."

टॉर्चसाहेब आले तेव्हा मी तोंड उघडायच्या आत तिनंच सांगितलं. "माझे डोळे गेलेत, साहेब. आणि आभाळाचा तुकडा गेलाय. या बाईनं मला थांबवलं." आठवड्याचं तिनं काही सांगितलं नाही. त्यांनी टॉर्च आडवा धरून डाग बघितला, मग टॉर्च विझवला. ओरडले असते तर बरं झालं असतं. "मूळ रंग काही परत येत नाही," ते म्हणाले, "तुम्हाला काय सांगायचं." आणि मला म्हणाले, "रेघांनी भरून घ्या."

थोरली उतरली. शिडीची प्रत्येक पायरी आधी पायानं चाचपून, मग वजन टाकत. रोज ती अशीच उतरत असणार. मी मागाहून निघायचे, त्यामुळे कधी बघितलं नव्हतं.

रेघांनी भरायचं म्हणजे काय, तर गेलेल्या जागी सरळ रंग लावायचा नाही. केसासारख्या बारीक उभ्या रेघा मारायच्या, पाण्यात विरघळतील अशा रंगानं, एकीशेजारी एक. खालून त्या मिसळून आभाळ होतं. जवळ आलं की दिसतं की हे आभाळ नाही, कुणीतरी केलेली भरपाई आहे. पुढे येणाऱ्याला फसवायचं नाही, असा नियम आहे. माणसांच्या घरात असला नियम मी बघितला नाही.

मी एकटीनं रेघा मारल्या. शेजारची उशी तशीच होती. मी बोलायचे सवयीनं, "हा पक्षी जरा भाऊजींसारखा नाही दिसत?" असलं काहीतरी, आणि फळ्या आवळणारा कामगार खालच्या खणातून विचारायचा, "मला म्हणालात का, बाई?"

"नाही."

"मग कुणाला?"

"पक्ष्याला."

त्यानं पुढे विचारायचं सोडून दिलं. मधलं काम मी असंच पुरं करत आणलं. घरी जाऊन मी फोनकडे बघायचे. थोरलीचा नंबर मला पाठ होता. लावला असता तर भाऊजींनी उचलला असता.

परांची सोडवायला लागायच्या आदल्या दिवशी ती आली. काळा चष्मा लावून, शिडी धडाधड चढत. घरी सांगून आली होती की साहेबांना भेटायचंय. वर येऊन तिनं चष्मा काढला आणि माझ्याकडे बघितलं. आम्ही या छताखाली इतके महिने काढले, पण उताण्या. समोरासमोर असं तिनं मला बघितलंच नव्हतं.

"तू एवढी म्हातारी कधी झालीस?"

"तू बघत नव्हतीस तेव्हा."

ती हसली नाही. माझा हात हातात घेऊन वाकडं बोट उलटसुलट करून बघितलं. "हे कुणी नीट बसवलं नाही."

"बसवायला कोण होतं?"

तिनं हात सोडला आणि फळीवर आडवी झाली. मी शेजारी. आभाळ तिच्या अगदी नाकासमोर होतं, आणि आता तिला प्रत्येक रेघ दिसत होती. कडेनं कडेनं तिनं सगळा डाग डोळ्यांनी फिरून काढला.

"खालून कळणार नाही," ती म्हणाली.

"जवळून कळतं."

"कळायलाच पाहिजे." मग थोड्या वेळानं, "हात चांगला झालाय तुझा. माझ्यापेक्षा."

मला हे ऐकायचं नव्हतं. मला जे विचारायचं होतं ते मी विचारलं. "परांची गेली की बोलशील का माझ्याशी? जास्त नाही. रस्त्यात भेटलीस तर बरी आहेस का, एवढं."

तिनं बोट वर केलं. "इथं पाणी जास्त झालंय. ही रेघ पसरलीय बघ."

मी बघितलं. रेघ पसरलेली नव्हती. मी तरीही कुंचला घेतला आणि नीट केल्यासारखं केलं. ती थोडा वेळ पडून राहिली, मग चष्मा लावून गेली.

फळ्या निघाल्या, नळ्या निघाल्या, दालन मोकळं झालं. एका मोठ्या माणसानं फीत कापली. फोटोवाल्यानं सांगितलं तेव्हा त्यानं वर बघितलं, आणि "झालं" म्हटल्यावर खाली. भाषणात जुन्या वैभवाचं खूप झालं. आम्हाला मागच्या रांगेत खुर्च्या होत्या. थोरलीची रिकामी होती.

मी अधूनमधून त्या पोस्टात जाते. पत्र पाठवावं असं मला कुणी नाही. पण रांगेत उभी असलेली बाई वर बघत राहिली तर कुणी वेडी समजत नाही, कंटाळली असेल म्हणतात. एका दुपारी मी अशीच उभी होते आणि शेजारच्या रांगेत मोठे भाऊजी आले. काखेत लेकीला पाठवायचं पार्सल. मागून थोरली. दोघांची माझ्याकडे पाठ होती. हात लांबवला असता तर तिच्या पदराला लागला असता.

थोरलीनं मान वर केली. भाऊजी म्हणाले, "समोर बघ, पडशील," आणि तिच्याबरोबर त्यांनीही वर बघितलं. बघत राहिले. त्या माणसाला मी कशाकडे इतका वेळ बघताना पाहिलं नव्हतं.

"झकास झालंय," ते म्हणाले. "मधलं आभाळ तुझंच ना?"

"नाही."

"तू तर म्हणायचीस, मधलं माझ्याकडे आहे."

"होतं. मी बिघडवलं ते. डोळ्यांमुळे. दुसरीनं भरून काढलं."

"दुसरी कोण?"

तिनं मान खाली घेतली. पार्सलावरचा पत्ता नीट दिसतोय का ते बघायला वळल्यासारखी वळली आणि तिची नजर सरळ माझ्यावर आली. आता तिचे डोळे लख्ख होते. तिला मी दिसले. माझ्या कपाळावरची आठीसुद्धा दिसली असेल.

"होती एक," ती म्हणाली.

मी तोंड उघडू शकले असते. मी कुणाला घाबरत नाही, भाऊजींना तर मुळीच नाही. भर दालनात त्यांना ऐकवता येईल असं माझ्याकडे पुष्कळ होतं, आणि ऐकणारे रांगेत उभे होते. पण तिला त्यांच्याबरोबर घरी जायचं होतं. भाऊजी म्हणाले, "परगावची असेल," आणि ती "हं" म्हणाली.

माझ्या मागच्या माणसानं खाकरून विचारलं, "बाई, तुम्ही रांगेत आहात ना?" मी हो म्हटलं आणि एक पाऊल पुढं सरकले.